बाच्या प्रेशरच्या गोळ्या

माझा बा मिठागरात राबलेला माणूस. जमीन गेली तेव्हा कोणीतरी त्याला सांगितलं, "कागद तोच आहे, फक्त नवीन टाइप केलाय," आणि बाने अंगठा दिला. त्या कागदाने जमीन निम्म्या भावात गेली, ते आम्हाला नंतर कळलं. तेव्हापासून कोणी काही समजावू लागलं की बा समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

गेल्या वर्षी त्याच्या प्रेशरच्या गोळ्या मी पनवेलच्या जेनेरिक दुकानातून आणल्या. भाऊ आणायचा ती गोळी गुलाबी असायची, ही पांढरी निघाली.

"बाय, ही ती गोली नाय," बा म्हणाला.

"औषध तेच आहे बा. फक्त कंपनी वेगळी."

बोलून गेले आणि जीभ चावली. बाने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला. मी निर्धास्त झाले. पण काही दिवसांनी तो अंगणात चक्कर येऊन खाली बसला. त्याचा सदरा बदलायला घेतला, तर खिशात अर्ध्या विरघळलेल्या गोळ्या कापडाला चिकटलेल्या.

भाऊ माझ्यावरच उखडला. जमिनीच्या पैशातून त्याने गावात बंगला बांधलाय. "बंगल्यात राहणाऱ्या बापाला स्वस्तातल्या गोळ्या? लोक काय म्हणतील? आणि बाला वाटतंय, पैसे वाचवायला मीच तुला आणायला सांगितल्या!"

बाला खरंच तसं वाटत होतं. म्हणून मी त्याला डॉक्टरांकडे नेलं.

"आजोबा, औषध दोन्हींत एकच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मला विचाराल तर आधीचीच घ्या. तिची खात्री."

बा त्यांच्याकडे बघतच नव्हता. त्याला वाचता येत नाही, पण गुलाबी गोळीच्या खोक्यावरचं लाल हृदय त्याच्या ओळखीचं होतं. तेच हृदय टेबलावरच्या पेनावर होतं, कॅलेंडरवर होतं, भिंतीवरच्या घड्याळावरही होतं.

"डाक्टर, ह्या घड्याल तुमाला कोनी दिला?"

"कंपनीवाले देतात हो," डॉक्टर हसले. बा हसला नाही.

बाहेर येऊन म्हणाला, "आता मना ती बी नको. दोनी नकोत."

मी घाबरले. त्याच्या हातापाया पडून कबूल करवलं की माझ्यासमोर पांढरी गोळी घ्यायची आणि प्रेशर मशीनवर स्वतः बघायचं. मशीन मी आणलेलं, म्हणून त्याच्यावरही संशय. आधी शेजारच्या काकांच्या दंडाला पट्टा बांधायला लावला, मग माझ्या, मग स्वतःच्या. आकडे त्याला कळतात. हळूहळू ते खाली आले.

"आता बसला ना विश्वास?" मी विचारलं.

"आकड्यावर बसला. गोलीचा बघू."

अजूनही नवी पट्टी आली की पहिली गोळी तो जिभेला लावून बघतो, तोंड वाकडं करतो आणि मगच गिळतो. मीसुद्धा माझ्या घरी परतताना त्याचे खिसे चाचपते, त्याला कळणार नाही अशा बेताने. भाऊ मात्र दर महिन्याला गुलाबी गोळ्यांचं खोकं आणतो आणि हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवतो. पाहुण्यांना दिसावं म्हणून.