एका कानाचे रसिक

आमच्या साडभाऊंइतका गाण्यातलं कळणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नाही, असं खुद्द साडभाऊंचंच मत आहे, आणि ते खोडून काढायची हिंमत पैनगंगेच्या अलीकडे तरी कोणी केलेली नाही. राहतात जैनथला आणि आदिलाबादच्या महसूल कचेरीत कारकून आहेत. त्यामुळे गाण्यालाही ते दरखास्तीसारखंच वागवतात, मंजूर नाहीतर नामंजूर. मधलं मत असणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हे. एकदा माझ्या बायकोनं, म्हणजे त्यांच्या मेहुणीनं, कुठल्याशा गाण्याला "ठीक आहे" म्हटलं, तर हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "ठीक तर आजची भाजी बी हाय." भाजी त्यांच्या बायकोनं केलेली होती. पुढं बरेच दिवस त्यांच्या ताटात नुसतं वरण पडलं.

ऐकण्याचे त्यांचे कायदे कडक. मोबाइलच्या स्पीकरवर गाणं ऐकणं म्हणजे चौकात बसून जेवणं. बिनतारी हेडफोन म्हणजे श्रीमंतांचे चोचले. त्यांच्याकडं एक जुना तारवाला इअरफोन आहे, जागोजागी चिकटपट्टी लावलेला. त्याच्या दोन टोकांना ते बोंडं म्हणतात, कापसाच्या मुलखातला माणूस दुसरं काय म्हणणार. त्यातलं डावं बोंड त्यांचं. उजवं ते घरीसुद्धा कानात घालत नाहीत. "एक कान मोकळा ठेवा लागते, भाऊ. बायको हाक मारते, साहेब हाक मारते." बसमध्ये उजवं बोंड काटेवाल्यांचं असे. काटेवाले म्हणजे जिनिंगमध्ये काट्यावर बसून कापूस तोलणारे त्यांचे दोस्त. त्यांचा मोबाइल साधा, बटणांचा, तेव्हा गाणं काय ते साडभाऊंच्या तारेतून. जैनथ ते आदिलाबाद, रोज तीच बस, तीच सीट, आणि दोन टकली एका तारेला बांधलेली. आपला चष्मासुद्धा दुसऱ्याला न देणारा हा माणूस काटेवाल्यांसाठी ते बोंड रुमालानं पुसून ठेवायचा.

मग तो अल्बम आला. आपल्याच भागातला एक गाणारा आहे, मराठीत तेलुगू मिसळून गातो. पहिल्या दोन अल्बमांवर इकडच्या साऱ्या वराती नाचल्या. तिसरा 'पाणंद' निघाला आणि चाहत्यांत दुफळी माजली. संध्याकाळी आमच्या आदिलाबादच्या बसस्टँडच्या टपरीवर चहा गार व्हायला लागला. मी तो माझ्या गाडीत ऐकला होता. दोन गाणी चांगली, बाकीची कंटाळवाणी. पण हे तिथं बोलायची सोय नव्हती, कारण साडभाऊ ग्लास हातात घेऊन उभेच असत. "ढोलाले हात बी नाई लावला त्यानं. नुसता गळा! याले म्हंतेत हिंमत."

"गळा?" काटेवाले डोळे मोठे करत. "गळा कुठी हाय त्याच्यात? सारी धबधब. काऊन खोटं बोलून राह्यले, बाबूसाब?"

लबाड म्हटल्यावर कारकून ऐकून घेतो होय? साडभाऊ बोलून गेले, "लोकाइचा कापूस कमी तोलू तोलू तुमचे कान बी कमी तोलाले लागले."

हे बोलायला नको होतं. काटेवाल्यांनी उभ्या जन्मात कोणाचा मूठभर कापूस मारलेला नाही, हे सारं जैनथ मंडल जाणतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि बसमध्ये मागं, टायरवरच्या सीटवर जाऊन बसले. ते मग तिथंच बसू लागले. हंगाम संपला की काम सोडून ते कोळसाखाणींच्या मंचेरियलला मुलाकडं कायमचे जाणार होते. साडभाऊंना हे ठाऊक होतं. "जाऊ द्या," म्हणायचे, "तिथं कोळशाच्या गाड्या आयकतीन. धबधबच पायजे ना?" पण शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून जागा धरायची ते सोडत नव्हते. रसिकपणाचा एवढा तोरा मिरवणाऱ्या माणसाला एक माफी मागता येऊ नये, याची मला चीड यायची.

अशातच मी जैनथला मुक्कामी गेलो. चहा होईपर्यंत सहज तो इअरफोन उचलला आणि दोन्ही कानांत घालून 'पाणंद' लावला. गाडीत ऐकला तसाच लागत होता. साडभाऊंच्या बायकोनं काही विचारलं म्हणून उजवं बोंड काढलं, तर ढोल गायब. नुसता गळा. डावं काढून उजवं घातलं, तर गळा गायब. नुसती धबधब. त्या दीडशहाण्या गाणाऱ्यानं गाणं एका कानात भरलं होतं आणि वाजंत्री दुसऱ्या.

साडभाऊंना दाखवलं. त्यांनी दोन्ही बाजू आळीपाळीनं घालून पाहिल्या. मग म्हणाले, "म्हंजे अर्धीच फाइल वाचून सही करून बसलो मी. तो मानूस खरं बोलून राह्यला होता."

सकाळी मी त्यांच्यासोबतच बसमध्ये चढलो. ते पिशवी घेऊन थेट टायरवरच्या सीटवर गेले आणि रुमालानं पुसलेलं डावं बोंड काटेवाल्यांपुढं धरलं. "मी वाईट बोललो," म्हणाले. "आज तुमी इकडून आयका." काटेवाल्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग घेतलं. दोन गाणी झाल्यावर म्हणाले, "गळा हाय की लेकाचा." साडभाऊ उजव्या बोंडावर बोट दाबून म्हणाले, "हे तं खरंच धबधब हाय." आदिलाबाद येईपर्यंत दोघं पुन्हा हमरीतुमरीवर आले होते, फक्त बाजू बदलून. दोघांनीही दोन्ही कानांनी ऐकून पाहावं, असं मी सुचवलं. साडभाऊंनी माझी कीव केली. "मंग बोलाचं कायच्यावर?"

हंगाम संपला, काटेवाले गेले. परवा मी जैनथच्या बसमध्ये चढलो तर साडभाऊंच्या शेजारची सीट रिकामी होती. पिशवी उचलून त्यांनी मला बसवलं आणि डावं बोंड, स्वतःचं, माझ्या हातात दिलं. काटेवाल्यांचं त्यांनी आपल्या कानात घातलं. 'पाणंद' लागला. रिकाम्या पाणंदीतून कोणी एकटं गात जावं तसा तो गळा, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला आवडला. म्हटलं, "चांगला आहे हो."

"काय डोस्क्याचं चांगलं?" साडभाऊ माझ्याकडं आशेनं पाहत म्हणाले. "गळा कुठी हाय त्याच्यात?"

जैनथ येईपर्यंत मी भांडलो. काटेवाल्यांसारखं काही मला जमलं नाही.