हजर इसमांची यादी

लिहिणारा माणूस मी नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, पण तेवढ्यावर आठवणी लिहायला बसणं मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. त्यात माझ्या लिहिण्यानं एकदा चार जणांना कोर्टाची पायरी चढायला लावली आहे. तेव्हा वाचणाऱ्यानं आधीच माफ करावं.

आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं. गावात चोरी झाली, कडब्याच्या गंजीला आग लागली की जमादार यायचा आणि पारावर बसून विचारायचा, "लिहितं कोण हाये?" सातवीपासून लोक मलाच पुढं करायचे. जमादार सांगेल तसा पंचनामा मी लिहायचो आणि शेवटी हजर असलेल्यांची नावं घालायचो. एखाद्याचं राहिलं तर तो रुसायचा. "मी काय तिथं नव्हतो व्हय रे?"

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजच्या पोरांनी एस.टी. अडवली. गाडी थांब्यावर थांबत नाही, ही तक्रार. मागून कुणीतरी दगड मारले, पुढची काच फुटली, गर्दी पांगली. आम्ही पाच जण तेव्हा बाजूच्या लिंबाखाली होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारे बाकीचे चौघं चहाला निघून गेले. मी तिथंच राहिलो. पळावं असं सुचलंच नाही. काही केलंच नव्हतं. हवालदार आला, काच पाहिली, कागद काढला आणि मला म्हणाला, "लिहिता येतं का?"

मी पुढं झालो. चांगल्या अक्षरात पंचनामा लिहिला. "तुझ्यासंगं कोण कोण होतं?" असं त्यानं विचारलं तेव्हा चौघांची नावं लिहिली, बापाच्या नावासकट. पाचवं माझं.

काही दिवसांनी पाच समन्स आली. सरकारी गाडीची नासधूस, आरोपी पाच.

"कोण्या हरामखोरानं नावं दिली, सापडू दे एकदा," आमच्यातला एक जण मेसमध्ये म्हणाला आणि स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली, कारण मी जेवत नव्हतो. मी ती भाकरी खाल्ली. त्या दिवशी बोलायला हवं होतं. नंतर रोज ते अवघडच होत गेलं.

त्या चौघांनी मिळून एक वकील केला. मी काहीतरी सबब सांगून वेगळा शोधला. शहरातल्या शहागंजमध्ये एक म्हातारे वकीलसाहेब होते. कायदा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. मराठी कागद त्यांना सावकाश लागायचा. म्हणाले, "तूच वाच, बेटा." मी माझ्यावरचे सगळे कागद त्यांना वाचून दाखवले. पंचनामा संपल्यावर त्यांनी तो हातातून घेतला आणि मी लिहून आणलेल्या हकिकतीशेजारी ठेवला.

"ये किसका हाथ है?"

"माझाच, साहेब."

ते इतके हसले की कोपऱ्यात लिहीत बसलेल्या त्यांच्या मुन्शीनं मान वर केली. "मुलजिम खुद लिखनेवाला! आरोपीच पंचनामा लिहितो! असा मुकदमा उभ्या उमरीत नाही पाहिला. कोर्टात एवढंच सांग, अक्षर माझं आहे."

"दुसरं काही सांगता येणार नाय का?"

"दुसरं काय आहे तुझ्याजवळ? शिक्षा झाली तर मास्तरकी गेली. दोस्तांचं म्हणशील, तर ते त्यांचा वकील बघेल."

मला मास्तरकी हवी होती. घरच्यांनी दुसरं काही मागितलंच नव्हतं.

अक्षर माझं आहे असं मी सांगितल्यावर मॅजिस्ट्रेटसमोर मला एक ओळ लिहायला लावली. पंखा सुरू होता म्हणून डाव्या हातानं कागद धरला. मागच्या बाकावर चौघं बसले होते. मी वळून पाहिलं नाही. बाहेर आल्यावर त्यांच्यासाठी पायरीशी थांबलो. एकच जण बोलला, तेही चालता चालता. "काय कारकून, आता कुणाची नावं लिहितो?"

त्यानंतर मी मेस उघडताच जेवून घ्यायचो, कुणी यायच्या आत. खोलीत माझी खाट भिंतीकडं सरकली होती. कुणी सरकवली ते विचारलं नाही. रविवारी बसनं खुलताबादला जायचो आणि दर्ग्याजवळच्या दुकानांच्या पाट्या वाचत फिरायचो. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं, ते बरं वाटायचं. आठवडाभरात कुणाशी बोलणं झालं नाही, असंही व्हायचं.

निकालाच्या तारखेला मी गावी तापानं पडलो होतो. वकीलसाहेबांनी अर्ज देऊन माझी गैरहजेरी माफ करून घेतली. मग काहीच कळेना. पोस्टमन यायचा, पुढं निघून जायचा. शहरात जाऊन विचारायचं धाडस होत नव्हतं.

महिना होत आला तेव्हा मुन्शीच्या अक्षरातलं कार्ड आलं. वकीलसाहेब आजारी होते म्हणून उशीर झाला, असं वर होतं. खाली लिहिलं होतं: "पाचही जण निर्दोष सुटले. यादी आरोपीनेच लिहिली आहे, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सर्वांनाच सोडले. बाकीच्या चौघांना त्याच दिवशी समजले आहे."