आज रूट डे आहे, धन्या

धन्या खोटारडा होता.

हे मला आज दुपारी कळलं. त्याला जाऊन आज वर्ष झालं, त्यामुळे आता भांडायचं कुणाशी तेच कळत नाहीये.

जे त्याला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. धनंजय, मूळ नागपूरचा, इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला, ऑफिसात माझ्याच टीममध्ये. लग्न रजिस्टर, तेही मुद्दाम अमावस्येला. घराच्या किल्ल्या घेतल्या त्या पितृपक्षात. आई फोनवर रडली तरी पठ्ठ्या हसत होता. कुणी मुहूर्ताचं नाव काढलं की अंगावर यायचा.

आणि असा हा माणूस फ्रान्सहून एक वाइन घेऊन आला.

तो, त्याची बायको ऋचा आणि मुलगी ईरा असे तिघं फेरीबोटीत गाडी घालून गेले होते. लुआर नदीच्या बाजूला एका कुटुंबाची द्राक्षबाग. आजी, मुलगा, सून, सगळे स्वतः राबणारे. तिथली व्हाइट वाइन. एकच बाटली, कारण दुसरी ऋचाने घेऊ दिली नाही.

बायोडायनॅमिक म्हणे. म्हणजे गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग पाण्यात ढवळून बागेत शिंपडायचं. छाटणी चंद्र बघून.

आणि पिणंसुद्धा चंद्र बघून!

चंद्र कुठल्या राशीत आहे त्यावरून फ्रूट डे, फ्लॉवर डे, लीफ डे, रूट डे. फ्रूट डेला वाइन खुलते, रूट डेला रुसून बसते.

"अरे, हे तर पंचांगच झालं की!" मी म्हणालो.

"पंचांग वेगळं बे. हे फ्रेंच आहे," धन्या म्हणाला.

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याने शांतपणे बाटली किचनच्या वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, डाळींच्या डब्यांमागे आडवी ठेवली.

दिवाळीला त्यांच्याकडे जेवायला गेलो. म्हटलं, काढ आता. त्याने फोन हातात घेतला, कपाळाला आठ्या घातल्या.

"नाही ना भाऊ. रूट डे आहे आज."

माझ्या वाढदिवसाला रूट डे.

ऋचाला नोकरी लागली तेव्हा लीफ डे. "कायले घाई करून राहिला? बेकार लागते लीफ डेला."

एकदा म्हणाला, आज फ्रूट डे, या! तर नेमकी माझ्या बायकोची संकष्टी, आणि आयर्लंडच्या ढगांत चंद्र दिसायचा पत्ता नाही. बाटली राहिली.

ईरा तर रोज शाळेत जाताना विचारायची, "बाबा, व्हॉट डे इज इट?" आणि तो अगदी गंभीर चेहरा करून सांगायचा.

मग लॉकडाउन लागला.

मग एप्रिलमधली ती सकाळ. हार्ट. चाळिशी नुकतीच ओलांडली होती रे.

शॅननच्या विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. आत मोजकीच माणसं. मी बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर लाइव्ह बघितलं. भिंतीपलीकडे तो होता आणि माझं बफरिंग चाललं होतं.

आता वर्षश्राद्धाचा घोळ. नागपूरहून काकू, धन्याची आई, म्हणतात, तिथीनेच करा. मध्ये अधिक महिना आल्यामुळे तिथी पार पुढे गेली आहे. ऋचा म्हणते, "मला तिथी कळत नाही, मला ती सकाळ कळते. बाटली मी आजच उघडणार."

मी इमानेइतबारे ते चंद्राचं ॲप डाउनलोड केलं.

आज रूट डे. खराखुरा.

कुणाच्या घरी जायला अजून परवानगी नाही, म्हणून नदीकाठच्या बाकावर भेटलो. ऋचाने पिशवीतून बाटली काढली, स्टीलचे पेले काढले.

"ऋचा, थांबूया का? आज रूट डे आहे. त्याला चाललं नसतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मंदार, तुला खरंच वाटायचं तो बघायचा? त्याच्या फोनमध्ये ते ॲपच नव्हतं. क्रिकेटचा स्कोअर बघायचा आणि तोंडाला येईल तो डे ठोकून द्यायचा."

"मग ठेवली कशासाठी होती?"

"मला वाटलं तुला माहीत असेल."

मला वाटत होतं तिला माहीत असेल.

त्याचे आईबाबा त्या मे महिन्यात येणार होते, त्यांच्यासाठी? काकू वाइनच्या नुसत्या नावाने आंघोळ करतील. मग काय, नुसताच चिक्कूपणा? की बाटली शिल्लक आहे तोवर हा मंद्या येत राहील असं वाटायचं त्याला? अरे गाढवा, मी तसाही आलोच असतो.

राग आला. हसूही आलं. ऋचासमोर नीट काहीच जमलं नाही.

बूच निघालं. घोट घेतला. आधी आंबट, मग मधासारखं काहीतरी, शेवटी ओल्या दगडाचा वास. चांगली होती का? खरंच माहीत नाही. ते सांगणारा माणूस नव्हता.

तेवढ्यात ईरा बदकं बघून धावत आली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र अस्सल लिमरिकचं. पेल्यात डोकावून म्हणाली, "काका, इज इट अ फ्रूट डे?"

ऋचा नदीकडे बघायला लागली.

"हो," मी म्हणालो. "फ्रूट डे."

"ग्रँड," म्हणाली आणि पुन्हा बदकांकडे पळाली.

अर्धी बाटली ऋचाने परत नेऊन ठेवली आहे, काकू म्हणतात त्या तिथीसाठी. उघडल्यावर इतकी टिकत नाही म्हणे. तरी ठेवली आहे, त्याच प्रेसमध्ये, डाळींच्या डब्यांमागे.

धन्या, ईरा उद्या सकाळी मला फोन करून पुन्हा विचारेल. आता रोज मलाच ठोकून द्यावं लागणार.

कशासाठी ठेवली होतीस, एवढं तरी सांगून जायचं होतंस.

येतो मित्रा. श्रद्धांजली तुला.