पाटावरचा बिल्ला

साहेब लोक विलायतेला परत निघाले तेव्हा कलकत्त्यात त्यांच्या सामानाचे लिलाव सुरू झाले, आणि त्यातली मोडकी चांदी आमच्या दुकानात येऊ लागली. आमचा धंदा गलाईचा. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची, लगडी पाडायच्या. दुकान मामांचं. मी चौथीतून शाळा सोडून त्यांच्या हाताखाली आलेला. तोवर चांगला मिशा फुटलेला गडी झालो होतो.

एकदा बराकपूरच्या एका बंगल्यातल्या काट्या-चमच्यांत एक बिल्ला निघाला. चांदीचा, लांबट गोल, मधे सोन्याची अक्षरं, वर मुकुट, हिरवी फीत. मोड विकायला आलेला बंगाली बाबू म्हणाला, "ज्यूट मिलचा साहेब. हौशी पलटणीत कप्तान होता. लढाई एक नाही, पण रविवारची कवायत कधी चुकवली नाही. म्हणून सरकारनं दिला."

मला हा साहेब आवडला. मीही वर्षानुवर्षं भट्टीपुढं उभा होतो, मला कुणी फीत लावली नव्हती. हा बिल्ला वितळायला मुशीत जाणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

मामा म्हणाले, "टाक."

"नाही टाकत."

"चांदी आहे ती."

"मलाही दिसतंय."

"मग काय, छातीवर लावून भाजी आणायला जाणार?"

"जाईन की."

"दसरा होऊ दे. भट्टी पेटली की पहिला तोच, आणि मी स्वतः टाकणार."

खंडेनवमीला आमची भट्टी थंड असते. चिमटे, मुशी, तराजू धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं. त्यात मामांचा एक नेम होता : पाटावर पूजलेली चांदी पुन्हा वितळवायची नाही. आजोबांनी पूजलेला एक रुपया त्या नेमापायी अजून डबीत होता. पाट मांडायचं काम माझं. चिमट्याच्या आणि तराजूच्या मधे मी बिल्ला ठेवला. फीत नीट सरळ केली.

बाहेर दुर्गापूजेचे ढाक, बंगाल्यांचे ते मोठे ढोल, वाजत होते. मामा डोळे अर्धे मिटून पुटपुटत एकेका वस्तूला कुंकू लावत आले, बिल्ल्यालाही लावलं, आणि बोट तिथंच राहिलं.

"हे कुणी ठेवलं?"

"पलटणीतलं आहे. हत्यारांतच बसतं."

दारातून मामी म्हणाल्या, "अहो, साहेबाला कुंकू लावलंत, आता अक्षताही टाका."

मामा रागवायला गेले आणि हसत सुटले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसेपर्यंत हसले. बिल्ला डबीत रुपयाशेजारी गेला.

मग मी मोडीच्या ढिगांत तसलेच बिल्ले शोधू लागलो. हौशी पलटणीच्या साहेबांचेच. लढाईतले मला नकोत, ते कुणीही जपतं. वर्षभर एक सापडला नाही. नवमीला पाट मांडायला गेलो, डबी उघडली, तर माझ्या बिल्ल्याशेजारी दुसरा ठेवलेला, तसाच हिरव्या फितीचा. मामा पाठ करून तराजू पुसत होते.

"बघतोस काय," ते म्हणाले, "त्याची फीत सरळ कर."