चहा तर जामलाही मिळतो

मे महिन्यातल्या वर्ध्यात, भल्या सकाळी, स्वेटर घालून टेकडी चढणारी बाई मी पायथ्याशी फिरताना रोज पाहत होते. सत्तरीची असावी. सुती साडी, नवेकोरे बूट, पदरानं घाम टिपत भराभर चालायची.

एकदा न राहवून विचारलं, "मावशी, या उन्हाळ्यात स्वेटर?"

"भूतानले चालली ना. तिथं कड्यावरच्या मठात चढून जाचं हाय, थंडीत. स्वेटर घालून चढाची सवय करून राह्यली."

भूतान ऐकताच मला हर्षच झाला. "मीपण चाललेय! आमचा सहलीवाला म्हणतो, ज्यांना चढणं जमणार नाही, त्यांनी खाली चहा घेत बसायचं."

ती थांबली. दगडावर पाय टेकवून बुटाची नाडी आवळली.

"चहासाठी भूतानले काऊन जाऊ, बाई? चहा तं इथं हायवेवरच्या जाम गावालेबी भेटते."

आणि पुन्हा चढू लागली.

मी तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि खाली बसणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. ते तिला सांगवलं नाही. तिचं नाव विचारायचंही राहिलं. घरी येताच सहलीवाल्याला फोन करून त्या यादीतलं माझं नाव कापायला लावलं.

मग माळ्यावरून स्वेटर काढला.