अर्धं ऐकलेलं उत्तर
बामाचा वास आला की बेडशातलं ते घर आठवतं. वर्षानुवर्षं न हटणाऱ्या थकव्याच्या आजारावर व्यायामाने गुण येतो का, हे तपासायला शहरातून एक संशोधक आले होते. मी त्याच गावची, म्हणून सोबत होते. तिथल्या एका आजारी मावशीला त्यांनी काही महिने व्यायाम करायला लावला होता. अंगाला बाम चोळून खाटेवर पडलेल्या मावशीला त्यांनी विचारलं, "काम करून दमता का आता?" "न्हाई," मावशी म्हणाली. तेवढंच ऐकून साहेब दारातल्या तिच्या नवऱ्याकडे वळले, "अभिनंदन! व्यायाम लागू पडला, बऱ्या झाल्या." मागे मावशी पुटपुटतच होती, "दमायला काम कुटं व्हतंय? मोरीपतुर जाववत न्हाई." ते ऐकतंय कोण! "बरी हाइस व्हय? मग लय नाटकं केलीस की गं!" म्हणत नवऱ्याने तिला केस धरून खाली ओढलं. खाटेच्या कडेवर आपटून तिचं कपाळ फुटलं. मी मधे पडले तर माझ्या थोबाडीत बसली. मीही त्याच्या हाताला रक्त येईस्तोवर चावले. साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "हा घरगुती मामला आहे." नाही साहेब, तो तुमच्या संशोधनाचा निष्कर्ष होता. आजही कुणी नवं संशोधन नाकासमोर नाचवलं, की आकडे बघण्याआधी मी एकच विचारते: बाईचं वाक्य पुरं होऊ दिलं होतं का?