शमीमभाभींची भट्टी आणि आमची लाइट

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग लागतो. एक जळक्या तांब्याच्या तारेचा, दुसरा किश्श्यांचा. तार भंगारवाला उचलून नेतो. किस्से कुणी नेत नाही. ते इथंच पडून असतात, आणि तुमच्यासारखं कुणी टेकलं की आम्ही वरचा एखादा काढून पुढं ठेवतो. बसा, चहा सांगितलाय.

माझं दुकान भूमला, एसटी स्टँडच्या मागं. ज्याची मोटार जळते तो इथं येतो, आणि मोटार खाली ठेवायच्या आधी लाइटच्या नावानं बोटं मोडतो. अशा बोटं मोडणाऱ्यांचंच पुढं आमचं वीज ग्राहक मंडळ झालं. मंडळ म्हणजे आम्ही चौघं. निवृत्त मास्तर, ज्यांना सगळा गाव गुरुजी म्हणतो. आप्पा, ज्यांच्या माळावर पवनचक्की उभी आहे. वस्तीवर खव्याची भट्टी चालवणाऱ्या शमीमभाभी. आणि मी दत्ता, कारण खुर्च्या माझ्या.

आम्हा तिघांना लाइट गेली तर फक्त राग येतो. भाभींचं तसं नव्हतं. वस्तीवरच्या सगळ्या बायका सकाळी त्यांच्याकडं दूध घालतात, आणि दुधाला काही थांब म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं कढईत उलथनं फिरवून भाभींचा उजवा खांदा कामातून गेला. बार्शीच्या डॉक्टरनं सांगितलं, आता हातानं खवा हलवायचा नाही. म्हणून मशीन घेतलं. खाली लाकडाची आग, वर मोटारीवर फिरणारी कढई. पण आजूबाजूचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, मशीन गुरगुरून थांबायचं आणि दूध बुडाला लागायचं. वस्तीला वेगळी डीपी, म्हणजे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, हवा होता. येरमाळ्याच्या देवीच्या यात्रेला पेढेवाले भाभींचाच खवा नेतात. यात्रेच्या आत डीपी बसली तर भट्टी राहणार होती, नाही तर बंद.

"कढई पालथी घालीन," भाभी म्हणायच्या, "पर करपल्याला खवा देवीच्या दारात पाठवणार न्हाय."

*

आता पहिलं माझ्यावरचंच सांगतो, म्हणजे बाकीच्यांचं सांगायला मोकळा झालो.

व्होल्टेज पडलं की मोटार जळते, आणि मोटार जळली की माझी चूल पेटते. असा माणूस व्होल्टेज सुधारा म्हणून अर्ज करत हिंडतो, हे गावाला पटायचंच नाही. एकदा भर मीटिंगमध्ये एकानं विचारलं, "दत्ताशेठ, लाइट नीट झाली तर तुमी काय खानार?"

मी काही बोलायच्या आत शमीमभाभी म्हणाल्या, "खवा."

तेव्हापासून मला कुणी विचारलं नाही. आमच्या घरात मात्र अजून विचारतात. मागं एकदा आठवडाभर लाइट अगदी तालात चालली. दुकानात चिटपाखरू नाही. बायको डबा घेऊन आली, रिकाम्या टेबलाकडं बघितलं आणि काळजीनं म्हणाली, "अहो, एकबी मोटार जळाली न्हाय व्हय? कुनाची नजर लागली म्हनायची?"

*

गुरुजींचा स्वभाव जपणुकीचा. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, स्कूटरला कव्हर. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, आणि ती फाटू नये म्हणून वर दुसरी पिशवी. वस्तू टिकली पाहिजे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांनी शेतात सोलर पंप घेतला. चार दिवस पाणी झकास पडलं. पाचव्या दिवशी माझ्याकडं तक्रार. सकाळी मोटार चालते, अकराला बंद पडते, ती संध्याकाळी थोडी चालते. मी कंट्रोलर बघितला, वायरिंग बघितलं. काही नाही. शेवटी म्हटलं, दुपारचं येऊन बघतो.

दुपारी गेलो. ऊन मी म्हणत होतं. आणि सोलरच्या सगळ्या प्लेटांवर निळी ताडपत्री, कडेनं सुतळीनं आवळून बांधलेली.

"गुरुजी, हे काय?"

"ऊन बघतोस ना केवढंय," गुरुजी म्हणाले. "पार तडकून जातील."

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ताडपत्री सोडली, घडी घातली, आणि जाताना प्लेटांकडं वळून असं बघितलं, की पोरगी सासरी धाडायलेत असं वाटावं. माणूस एवढा शिकलेला, वीजदराची सगळी नियमावली पाठ, पण जीव घाबरा तो घाबराच.

*

आप्पांचं उलटं. ते एक अक्षर वाचत नाहीत आणि कशालाच घाबरत नाहीत.

पवनचक्की उभी राहिली तेव्हा आप्पांना वाटलं, आपल्या माळावर वीज तयार होणार म्हणजे आपल्या घरात आता अंधार कसला. झालं भलतंच. वर पाती फिरायची आणि खाली आप्पांच्या ओसरीवर कंदील. पवनचक्कीचा एक इंजिनिअर आला होता, त्याला आप्पांनी गाठलं.

तो पोरगा बिचारा चांगला होता. खाली बसून समजावू लागला. "आप्पा, ही वीज आधी ग्रिडमध्ये जाते. सगळीकडची वीज तिथं एकत्र होते. मग तिथून वाटप होतं, आणि तुमच्या घरी जी येते ती त्या वाटपातली."

"म्हंजी डेअरीगत," आप्पा म्हणाले. "सगळ्यांचं दूध एका टाकीत."

"अगदी बरोबर," इंजिनिअर खूश झाला.

"समजलं," आप्पा म्हणाले. "पर म्या डेअरीला दूध घालायच्या आदी घरापुरतं लोटाभर काडून ठिवतो. तेवडं तुमी इसरलाव."

इंजिनिअरनं हे साहेबांना कळवतो असं सांगितलं. कळवलं असणार, कारण तो परत काही या बाजूला फिरकला नाही.

*

भाभी तक्रारीला फोन करायच्या तो प्रकारही ऐकण्यासारखा. फोन घेणारी पोरगी लांबच्या शहरातली. मराठी पुस्तकातल्यासारखी.

"मॅडम, आपल्याकडे वीजपुरवठा आहे का?"

"हाय म्हनलं तर हाय."

"व्होल्टेज किती आहे?"

"पंख्याची पाती मोजता यायलीत."

त्या पोरीनं तिकडं टकटक केलं. संगणकात काहीतरी भरायचं असणार. मग म्हणाली, "म्हणजे किती?"

भाभींनी वर बघितलं, नीट मोजली आणि सांगितलं, "तीन."

तक्रार नोंदवली गेली. काय नोंदवलं देव जाणे.

*

मग वीजदराची सुनावणी आली. नियामक आयोगापुढं कुणीही ग्राहक बोलू शकतो, आणि आता ते घरबसल्या कॅमेऱ्यासमोर करता येतं. गुरुजी तर या दिवसाची वाट सणासारखी बघतात. आम्ही ठरवलं, यंदा भाभींची डीपी तिथं मांडायची. गुरुजी नियम सांगणार, आप्पा शेतीचं बोलणार, आणि शेवटी भाभी भट्टीचं सांगणार. माझ्या दुकानात लॅपटॉप मांडला. गुरुजींनी त्याच्यासाठी कव्हर आणलं होतं, ते मी बाजूला ठेवलं.

आता गंमत बघा. सुनावणी आहे म्हटल्यावर त्या दिवशी लाइट जी सकाळी आली ती जायलाच तयार नाही. व्होल्टेज तर असं, की माझ्या दुकानातला बल्ब मला पहिल्यांदा नीट दिसला.

आप्पा आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "आरं, मोटार काय पानी फेकायलीय! रान भिजवून घिऊ दे की."

भाभींना लावला. मागं मशीनची घरघर. "दत्ताभाऊ, लाइट लई झ्याक हाय आज. खव्याचे दोन घाणे काढून येते. तुमी तवर सुरू करा."

उरलो मी आणि गुरुजी. आमचा नंबर आला. गुरुजी उठून उभे राहिले, कारण बसून बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. "सन्माननीय आयोग, आमच्या वस्तीवर व्होल्टेज इतकं कमी असतं की पंखासुद्धा फिरत नाही," असं म्हणून त्यांनी कागद वर उचलले. वरचा पंखा फुल्ल स्पीडवर. कागद सुटले आणि दुकानभर उडाले. गुरुजी एका हातानं कागद धरतायत, दुसऱ्या हातानं धोतर सावरतायत आणि बोलणं चालूच आहे.

पडद्यावरचे सदस्य बराच वेळ कान देऊन ऐकत होते. शेवटी अदबीनं म्हणाले, "गुरुजी, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तुमचा पंखा जरा कमी करता का? आवाज येत नाहीये."

मी तर टेबलाखाली कागद गोळा करायच्या निमित्तानं बसलो तो उठलोच नाही. गुरुजींनी मात्र पंखा बंद करून सगळं सविस्तर सांगितलं, घामाघूम होऊन. आणि सांगितलं ते वाया गेलं नाही. जागेवर जाऊन पाहणी करा, असा निरोप आमच्या इथल्या वीज ऑफिसला आला. भाभींना कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तिघं इकडंतिकडं बघत बसलो. यात्रा तोंडावर आली होती.

*

पाहणीला त्याच ऑफिसचे नवे इंजिनिअर साहेब आले. तरुण, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, माणूस लाघवी. आम्ही तिघंही भट्टीवर हजर होतो. पण साहेब आले म्हटल्यावर सगळी वस्ती पंप बंद करून बघायला गोळा झाली. साहेबांनी मीटर लावलं. व्होल्टेज पूर्ण. भाभींचं मशीन तर असं मऊ फिरत होतं, की जणू त्यानं जन्मात कधी त्रास दिला नाही.

"अहो, इथं तर सगळं व्यवस्थित आहे," साहेब म्हणाले. "मी अहवालात काय लिहू?"

भाभींचा चेहरा उतरला. मला तर या लोकांना एकेक करून विहिरीत ढकलावंसं वाटलं. मी ओरडलो, "जावा की रं रानात, हितं काय तमाशा हाय व्हय?" लोक पांगले.

भाभींनी बाज पुढं सरकवली. "साहेब, खवा व्हईस्तोवर बसा. ताजा खाल्ल्याबिगर जायाचं न्हाय." साहेबांनी मीटर आणि मोबाइल बाजेवर ठेवला आणि बसले.

दूध आटत आलं. आणि एकेका रानातून पंप सुरू झाल्याचा आवाज यायला लागला. मशीन गुरगुरलं. कढईची चाल मंदावली, अजून मंदावली, आणि थांबली. मी सवयीप्रमाणं आधी मोटार वाचवायला बटणाकडं धावलो. भाभींनी उलथनं उचललं, एकदा फिरवलं, आणि खांद्याला अशी कळ आली की तिथंच थांबल्या. समोर साहेब बसलेले. भाभींनी उलथनं सरळ त्यांच्या हातात दिलं.

"हलवा साहेब. थांबलं की करपलं."

साहेब उठले आणि हलवायला लागले. खालून धग, वरून चैत्राचं ऊन. इस्त्री गेली, शर्ट पाठीला चिकटला. मला बघवेना. म्हटलं, "साहेब, आना हिकडं."

भाभी शांतपणे म्हणाल्या, "दत्ताभाऊ, हात बदलला की खवा बिघडतो."

असं काही नसतं. पण मी हात मागं घेतला. आप्पा आणि गुरुजी तर भिंतीकडं तोंड करून बसले होते.

तेवढ्यात बाजेवरचा मोबाइल वाजला. साहेब कढईवरून ओरडले, "मोठे साहेब असतील. भाभी, जरा घेता का? स्पीकर लावा."

भाभींनी पदराला हात पुसले आणि फोन घेतला. तिकडून भारदस्त आवाज आला, "काय हो, व्होल्टेज बघितलं का?"

"साहेब कामात हायत," भाभी म्हणाल्या.

"कोण बोलतंय?"

"ग्राहक."

"बरं. कसल्या कामात आहेत साहेब?"

"खवा हलवायलेत."

इकडं साहेब धापा टाकत म्हणाले, "सर, व्होल्टेज नाही सर. खरंच नाही सर."

तिकडं कुणीतरी हसू दाबत खाकरलं. मग तो आवाज म्हणाला, "त्यांना सांगा, डीपीचा प्रस्ताव आजच्या आज माझ्या टेबलावर पाहिजे. आणि जरा फोन द्या त्यांच्याकडं."

भाभींनी थांबलेल्या कढईकडं बघितलं, मग घामानं निथळणाऱ्या साहेबांकडं.

"देते की साहेब," त्या म्हणाल्या. "लाइट आली की देते."